शालीखालचा आकडा

माझं फुफ्फुसांचं दुखणं जुनं आहे. तरी लेकीच्या हट्टापायी आम्ही दोघं भिलाईहून रायपूर गाठून विमानात बसलो. ऑक्सिजन मोजायची चिमटी मी बोटाला लावूनच ठेवली होती. विमान वर चढलं तसा आकडा उतरू लागला, आणि तो पाहूनच मला जास्त धाप लागली.

बायको वैतागली. तिनं माझ्या हातावर शाल टाकली. "तुमी पाहूच नका. मी सांगते."

मग ती मधूनमधून शालीखाली डोकावायची. "पंच्याण्णव हाये. चूप बसा." तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडायचा.

उतरताना तिनं वरच्या कप्प्यातल्या बॅगेतून चष्मा काढला. त्याच्याशिवाय तिला हातातला मोबाइलही वाचता येत नाही.

"मंग आकडा किती होता?" मी विचारलं.

"मले काय माहीत? दिसला असता तं मले पंच्याण्णव म्हणताच आलं नसतं."