बिनवजनाची गाडी

जठारपेठेत स्कूटरचे शॉकअप भरता भरता खुशालरावांचा जन्म गेला होता आणि आता कंबर बोलायला लागली होती. तरी नातीसाठी मुलाची जुनी रिमोटची गाडी त्यांनी खोलली. गाडीच्या बोटाएवढ्या शॉकअपची गळकी रबरं बदलली आणि सवयीनं स्कूटरचंच जाड तेल भरलं. अंगणात सोडली, तर गाडी खड्ड्यात दबेचना, नुसती उडत सुटली.

"एवढी कडक काहून केली तुमी?" बायकोनं, सत्यवतीबाईंनी विचारलं.

"दोघं बसले, वर भाजीचं पोतं ठेवलं, तरी टेकाले नको."

"अवो, याच्यावर बसते कोन?"

खाली बसून खुशालरावांनी जाड तेल काढलं, पातळ तेल भरलं. आता गाडी अलगद दबली, अलगद वर आली. ते मात्र भिंतीला धरूनच उठले.