सागवानी पेटीतली काडतुसं

आमच्या भागात त्या काळी ठासणीच्या बंदुका चार-दोन जणांकडे होत्या आणि रायफल एकट्याकडे. एकट्याकडे म्हणजे कर्जतच्या वकिलांकडे. वकिली त्यांनी केव्हाच सोडली होती, पण समोरच्याला आरोपी समजायची सवय सुटली नव्हती.

बाहेरून येणारी काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा वकिलांनी रीतसर परवाना काढून ओटीवर एक हातदाबाचं यंत्र बसवलं. रिकाम्या पुंगळीत दारू मोजून घालायची, तोंडाशी गोळी ठेवायची आणि दांडा खाली ओढायचा. गोळी पुंगळीत किती खोल बसेल ते यंत्रावरच्या एका स्क्रूवर ठरायचं. तयार काडतुसं ठेवायला त्यांनी गावातल्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती. आत लाल मखमल, ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक काडतूस. पाहुणा आला की चहाआधी पेटी यायची. सगळ्या गोळ्यांची टोकं एका रेषेत. पाहुणे म्हणायचे, वा, काय शिस्त. चहा फुकट असला की माणसाला शिस्त लवकर दिसते.

माझे वडील खालापूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात हाक्याचे म्होरके. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची. मग गडी जमवायचे, डोंगराच्या बाजूनं डबे वाजवत जनावर खाली हाकायचं आणि घळीच्या तोंडाशी बसलेल्यानं ते टिपायचं. हे काम त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. आमची जमीन थोडी, घर कुडाचं. गावात आम्हाला जो काही मान होता तो या एका कामाचा.

त्या हंगामात वकिलांनी तीन हाक्यांत तीन डुकरं चुकवली. तिसरं तर चाळीस पावलांवर थांबून कान हलवत होतं. गोळीनं शेजारच्या ऐनाच्या झाडाची साल काढली.

"तुझे लोक कलकलाट फार करतात," वकील सगळ्यांसमोर म्हणाले. "जनावर बिथरून येतं."

"साहेब, ते हुबं व्हतं," वडील म्हणाले.

"मग बसलो होतो तिथून मला दिसलं नाही आणि तुला डोंगरावरून दिसलं?"

पुढच्या हाक्याला म्होरक्या दुसऱ्या वाडीचा असेल, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. गावानं मान डोलावली. ज्यांची शेतं डुकरांनी नांगरली होती तेही डोलले. रायफलवाल्याचं चुकलं असं म्हणण्यापेक्षा डबेवाल्याचं चुकलं म्हणणं सोपं. संध्याकाळी पारावरून एकानं विचारलंच, "काय रं म्होरक्या, आता डुकरांबरूबर तू पन निवांत का?" वडील चालत राहिले. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, "माझा बाप ह्ये आयकायला नाय ऱ्हायला, बरं झालं."

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन कर्जतला शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. आमच्या घराण्यात डिग्री म्हणजे मीच. हे मी लपवत नाही, लपवायचं कारणही नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर खिशात घातलं आणि वडिलांना घेऊन वकिलांच्या ओटीवर गेलो.

"या प्रोफेसर," वकील म्हणाले. "आता डुकरांना सूत्रं शिकवणार का?"

"नाही. तुमची काडतुसं मोजणार."

"मोजायचं काय? ओळ बघ. दोऱ्याला धरल्यासारखी आहे."

मी पहिलं काडतूस मोजलं, दुसरं मोजलं, आणि दोन्ही वेगळी निघाली. तिसरं त्याहून वेगळं. मी आकडे लिहीत होतो तेवढ्यात वडिलांनी पेटीतली सातआठ काडतुसं काढली आणि संगमरवरी टेबलावर नुसती उभी केली. व्हर्नियरची काही गरजच नव्हती. एक उंच, एक बुटकं, एक मधलंच, उतारावरच्या बांधांसारखी रांग.

"पेटीत तर सरळ होती," वकील म्हणाले.

मी भोकात पेन्सिल घालून दाखवलं. सुतारानं भोकं हातानं पाडली होती. कुठलं खोल, कुठलं उथळ. उथळ भोकातलं काडतूस वर डोकावायचं. ते ओळीत दिसावं म्हणून वकील ते परत यंत्रात घालून गोळी अजून आत दाबायचे. म्हणजे तालुक्यातली एकुलती एक रायफल तिच्या नळीच्या मापानं नव्हे, सागवानाच्या मापानं भरली जात होती.

मी समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. गोळी सुटली की नळीच्या आत कोरलेल्या आट्यांना भिडेपर्यंत थोडं अंतर मोकळी जाते. ते अंतर दर वेळी सारखं असलं तर ती दर वेळी सारखीच जाते. एक जवळून भिडली, एक लांबून, की प्रत्येकीचा रस्ता निराळा. शिवाय गोळी फार आत दाबली तर दारूला जागा कमी पडते आणि आतला दाब वाढतो. एखाद दिवशी रायफल चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटायची. शेवटचं वाक्य वकिलांनी लक्ष देऊन ऐकलं.

मी नळीच्या मापानं यंत्राचा स्क्रू एकदा बसवला, घट्ट केला, आणि पाच काडतुसं भरेपर्यंत त्यांना हात लावू दिला नाही. नदीकाठच्या दरडीला फळी टेकवून शंभर पावलांवरून त्यांनीच बार काढले. पेटीतल्या पाच गोळ्यांपैकी दोन फळीला लागल्या, त्याही दोन टोकांना. बाकीच्या दरडीत. मी भरलेल्या पाचही गोळ्यांची भोकं चहाच्या एका बशीखाली झाकली असती.

"सुतार गाढव आहे," वकील म्हणाले.

सुतारानं पेटी केली होती, नेम धरला नव्हता, असं मी म्हणणार होतो. वडिलांनी माझा दंड दाबला.

पुढच्या हाक्याला वकिलांचा निरोप आला, म्होरक्या जुनाच असू दे. माफीबिफी काही नाही. मी म्हटलं, जाऊ नका. वडील म्हणाले, "न जाऊन कोनाचं शेत वाचल रं?" आणि गेले. पण गडी जमल्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज कोन कुटं बसल ते मी सांगनार." खरं तर तो म्होरक्याचाच हक्क, वकील आल्यापासून गावानं तो परस्पर त्यांना देऊन टाकला होता. वकिलांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी मान डोलावेना. वडिलांनी दाखवलेल्या कातळाआड ते जाऊन बसले.

डुक्कर तिथूनच आलं, धावत आलं, आणि एका गोळीत पडलं.

"आज हाका चांगला झाला," सगळे गोळा झाल्यावर वकील म्हणाले.

"हाका रोजच्यावानीच झाला, साहेब," वडील म्हणाले. "गोळी आज चांगली झाली."

गड्यांपैकी कोणीतरी हसलं. वकील रायफल पुसत राहिले, आणि वडिलांनी डुक्कर उचलायला कोण कुठला पाय धरणार ते सांगायला सुरुवात केली.