सेलीन आणि ‘खरा वसईकर’

सेलीन लोकांच्या शिव्या मोठ्याने वाचायची. दुपारी चारच्या सुमारास केळी सोलून झाली की गाऊनला हात पुसत ती माझ्या ओटीवर यायची, पायरीवर बसायची आणि तिच्या व्हिडिओंखाली आलेल्या वाईटातल्या वाईट कमेंट मला ऐकवायची. चांगल्या वाचत नसे. “त्या माझ्या सासूला पुरतात,” म्हणायची. “हे ऐका सर. ‘बाई, तुमचा आवाज बंद पडलेल्या मिक्सरसारखा आहे.’ आता बंद पडलेल्या मिक्सरला आवाज कुठून येणार?” मी हसायचो. मग ती विचारायची, “काय उत्तर देऊ? आणि गोड नको हं सर. गोड विकायला मी बसलेय, तुम्ही खरं सांगा.”

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. सेलीन माझी विद्यार्थिनी. लग्न होऊन ती वसईजवळच्या नंदाखालला माझ्याच शेजारी आली. नवरा लवकर गेला. अंधेरीला एका कुरिअर कंपनीत ती नोकरी करायची. एक दिवस राजीनामा देऊन आली आणि म्हणाली, आता व्हिडिओ हीच नोकरी. आळीतल्या बायका म्हणाल्या, हिला खूळ लागलं. सेलीन म्हणाली, “तिकडे नऊ तास दुसऱ्यांची पार्सलं चढवते सर. इथे माझी मी चढवीन.”

व्हिडिओ असायचे सुकेळ्यांचे. राजेळी केळी पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात वाळवायची आणि केळीच्या वाळक्या सोपटात बांधायची, ही तिच्या सासूची, नातालबायची विद्या. सेलीन ती मोबाइलपुढे बोलत बोलत दाखवायची. एकच केळं सोलतानाचं चित्रण मनासारखं होईपर्यंत पाच पाच वेळा करायची. एक दिवस ताप होता, तरी केलं. “व्हिडिओ आणि केळी सारखीच. एक दिवस उलटायला विसरलं की डाग पडला.” दोन वर्षांत तिचं घर त्यावर चालू लागलं. सुकेळी पार केरळपर्यंत जाऊ लागली.

फक्त मागचं अंगण ती कधी दाखवत नसे. वाळत्या केळ्यांवर परक्याची नजर पडू नये, हा नातालबायचा नियम. “जगाला घर दाखव बाय, पन मागचं दार नाय,” म्हातारी म्हणायची. त्या अंगणात घरच्या दोघी आणि मी, एवढेच जात होतो. तिथे चिकूच्या झाडापलीकडे मांडवावर केळी असत आणि त्यांवर माश्या बसू नयेत म्हणून एक मच्छरदाणी. ती माझ्या घरची. माझी बायको रोझी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती त्या मच्छरदाणीत गेली. मीच ती सेलीनला दिली. तिने उकळत्या पाण्यातून तीनदा काढली आणि म्हणाली, “रोझीबायची आहे. हिला माशी काय, सैतान शिवणार नाही.”

आता माझं सांगतो. गावातल्या विहिरींवर मी एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचे गठ्ठे माझ्या खाटेखाली आहेत. सेलीनला ते ठाऊक होतं. तिने आपणहून माझा व्हिडिओ करायचं ठरवलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि विहिरींबद्दल तासभर बोललो. मध्येच एक कोंबडी माझ्या मांडीवर चढली आणि मी दचकून ओरडलो. सेलीनने तासातली तेवढीच अकरा सेकंदं ठेवली. लाखो लोकांनी पाहिली. रविवारी मिस्सा आटपून चर्चबाहेर पडलो की पोरं “कोंबडीवाले सर” म्हणून आवाज काढू लागली. सेलीन हसत ओटीवर आली. “कसा झालाय सर? खरं सांगा.”

“छान,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘खरा वसईकर’ या नावाने खातं उघडलं आणि तिच्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘सगळं नाटक.’ दुपारी तिने तेच मला वाचून दाखवलं. मी उत्तर सांगितलं, तिने ते टाइप केलं. सकाळी मी त्या उत्तराला उत्तर लिहिलं. असं वर्षभर चाललं. तिच्या दिसण्यावर लिहिलं, विधवेच्या रंगीत गाऊनवर लिहिलं. ती वाचताना थांबली की मी म्हणायचो, “वाच वाच, मनाला लावून घेऊ नकोस.” खोटं कशाला बोलू, त्या वर्षात मला भूक चांगली लागायची.

मग एका तेल कंपनीने तिच्याशी वर्षभराच्या जाहिरातींचं ठरवलं. ही बातमी तिने सगळ्यांत आधी मला सांगितली. “सर, आता सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन करते.” त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, ‘या बाईंची सुकेळी ज्या मच्छरदाणीखाली वाळतात, तिच्यात एक बाई दोन वर्षं कुजून मेली. मागच्या दारी जाऊन बघा.’

रोझीबद्दल मी तो शब्द लिहिला.

लोक बघायला आले. कुणीतरी कुंपणावर चढून मच्छरदाणीचा व्हिडिओ काढला आणि तो गावोगाव फिरला. पार्सलं परत आली. तेल कंपनीने फोन उचलणं बंद केलं. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “अगो, नाताळात आपन पन खाल्ली की!” नातालबाय मांडवाखाली बसून एकच बोलायची, “नजर लागली, परक्याची नजर लागली.”

मी ते लिहिलं त्या दुपारीही सेलीन चारला आली होती. सगळ्या कमेंट तिने वाचल्या. तेवढी एक वाचली नाही. मला वाटलं, धीर झाला नसेल.

दोन महिन्यांनी तिने परदेशात एका म्हाताऱ्याच्या सेवेची नोकरी धरली. नातालबायला सिस्टरांच्या आश्रमात ठेवायचं ठरलं. म्हातारी दार सोडेना, आळीतल्या दोघांनी उचलून रिक्षात बसवली. ऑपरेशन राहिलंच होतं. मला तर वाटतं, आपल्याला कुठे नेतायत तेही तिला नीट दिसलं नसेल.

जायच्या आदल्या दिवशी सेलीन मोबाइल आणि स्टँड घेऊन आली. “शेवटचा व्हिडिओ तुमच्यावर, सर. तुमचा आवाज चांगला आहे. ‘खरा वसईकर’च्या कमेंट वाचा.” तिने एक वही दिली. वर्षभराची माझी वाक्यं तिने हाताने उतरवून घेतली होती. मी वाचत गेलो. ती मोबाइलमागे उभी होती, एकदाही हसली नाही. वही संपली. मी मिटली.

“एक राहिली, सर. पान उलटा.”

पान कोरं होतं.

“ती मी उतरवली नाही. तुम्हाला पाठ असेल.”

मच्छरदाणी कुणाची, हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतली एक तिची सासू, जिला मोबाइल धरताही येत नव्हता. इतका साधा हिशेब मला लिहिताना सुचला नव्हता. मी चष्मा काढला. मोबाइलवरचा लाल ठिपका चालूच होता. मी ते वाक्य म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता.

“छान म्हणालात, सर,” सेलीन स्टँड मिटत म्हणाली. “या वेळी काही कापणार नाही.”

नातालबाय पावसाळ्याआधी वारली. सेलीनला सुट्टी मिळाली नाही. दफनाच्या वेळी आळीतल्या लोकांनी तिला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल माझ्या हातात दिला. तिचे सगळ्यांत जवळचे तुम्हीच, म्हणाले. पेटी खाली उतरेपर्यंत मी तिला सगळं दाखवत उभा होतो. पलीकडून ती एकदाच बोलली, “हात हलवू नका, सर. नीट दिसू द्या.”

माझा तो वहीवाला व्हिडिओ तिने अजून टाकलेला नाही. टाकला का, रोज सकाळी उठून मी आधी तेच बघतो. आळीत अजूनही सांगतात, सेलीनच्या पडत्या काळात एकटे सर तिच्या पाठीशी होते. मी आजवर मान डोलावत आलो. आता हे लिहिलंय, ते तिच्याकडे पाठवतो आणि आळीत वाचायला देतो. गोड काही घातलेलं नाही.