अण्णांचा हात धरून कोण उतरलं?

मी भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये स्टॉकचं काम बघते. मोजता येईल तेच खरं, अशी सवय लागलेली. अण्णा, माझे वडील, भिवंडीतच एका शाळेत इतिहास शिकवायचे. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात कधी कोणी सांगितल्या नाहीत. त्यामुळे हे लिहितानाही मला जरा अवघडल्यासारखं होतंय...

काचबिंदूने अण्णांची नजर गेली त्याला अडीच वर्षं झाली. उजेड आणि सावली, एवढंच कळतं. पण रिटायर झाल्यावर ठाणे-पालघरकडची जुनी गावं बघायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि ते मोडायला तयार नव्हते. "तू बघ आणि मला सांग," म्हणाले.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सातला आम्ही टेमघरच्या आमच्या घरून निघालो. अंबाडी, वाडा करत जव्हारच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कापलेलं भात, एका बाजूला निळे डोंगर. मी गाडी चालवत सगळं सांगत होते आणि अण्णा मध्येच विचारायचे, "डोंगर उजवीकडे ना?" बरोबर असायचं.

जव्हारच्या अलीकडे आत एक लहान गाव आहे. तिथे दगडी पायऱ्यांचं जुनं तळं आहे. पाणी हिरवंगार, बोटभर खालचं दिसत नव्हतं. अण्णांना वरच्या पायरीवर बसवलं आणि पाण्याची बाटली आणायला मी गाडीकडे गेले. दहा मिनिटं, फार तर.

परत आले तर अण्णा खाली, थेट पाण्याला लागून बसलेले. चौदा पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या. कशीबशी उतरून त्यांना धरलं.

"एकटे कसे उतरलात?"

"एकटा कुठे? त्यांनी हात धरून आणलं. डाव्या भुवईवर वण आहे बघ त्यांच्या. सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय."

"अण्णा... तुम्हाला दिसलं?"

"हो." मग माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाले, "तू नाही दिसत अजून. ते दिसले."

मी त्यांचा हात घट्ट धरला. अण्णा पुढे म्हणाले, "पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीवर कोरीव काम आहे, असं ते म्हणाले. मांडीवर मूल घेतलेली बाई. मुलाचा उजवा हात तुटलाय."

वर एक म्हातारी बकऱ्या चारत होती. तिला विचारलं.

"मी सकालपासून हितंच हाय. कोन न्हाय आलं," ती म्हणाली. "बाबा एकलेच उतरले. पन हात असा बाजूला धरलेला... कोनी धरल्यावानी."

आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. नजर गेलेल्यांना कधी कधी चेहरे दिसतात, मेंदूच ते तयार करतो, असं ते म्हणाले. मला पटलं. पण अण्णा अडून बसले — मे महिन्यात पाणी आटलं की परत जायचं. मीही हो म्हणाले. एकदाचा विषय मिटेल, असं वाटलं.

मेमध्ये पाणी बरंच खाली गेलं होतं. आधीच्या चौदा सोडून, नव्याने उघड्या पडलेल्या पायऱ्या मी मोजल्या. तिसऱ्या पायरीवरचा सुकलेला गाळ चप्पलने खरवडला. खाली बाई होती, मांडीवर मूल. मुलाचा उजवा हात कोपरापासून तुटलेला. अण्णांनी त्यावरून बोटं फिरवली आणि नुसती मान हलवली.

त्या दिवशी गावात दहा-बारा घरी विचारलं. भुवईवर वण असलेला माणूस कोणालाच आठवेना. घरी येऊन अण्णांची सगळी पुस्तकं आणि वह्या चाळल्या. त्या तळ्याचं नावसुद्धा कुठे नाही. चेहऱ्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं, पण पायरीचं कोण देणार?

येत्या रविवारी आम्ही मुरबाडकडे निघतोय. काल मी अण्णांना बजावलं, "या वेळी तुमचा हात एक मिनिटही सोडणार नाही."

"थोडा वेळ सोड," ते म्हणाले. "मला बघायचंय."