जुन्या राउटरचा जुनाच पासवर्ड

मैत्रिणींनो, हा ग्रुप फक्त आपला आहे म्हणून लिहितेय.

नवऱ्याला सोडून वर्ष झालं. चिक्कडपल्लीच्या त्या घरातून निघताना मी माझा राउटरही उचलून आणला होता. बरकतपुऱ्याचा हा पत्ता त्याला माहीत नाही.

आईच्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून आज दुपारी तो जुना राउटर केबलने नव्याला जोडला. नाव, पासवर्ड जुनेच ठेवले. आईचा टॅब आपोआप जोडला जाईल, तेवढीच डोकेफोड कमी!

पाच वाजता सहज त्या राउटरला काय काय जोडलंय, ती यादी बघितली. माझा फोन, आईचा टॅब आणि 'साहेब'.

'साहेब' हे त्याने स्वतःच्या फोनला दिलेलं नाव. त्याचा फोनही आपोआप जोडला गेला होता. म्हणजे तो इथेच होता, आमच्या भिंतीपलीकडे.

घाबरत वॉचमनला फोन केला. "एक साब गेट के बाजू गाडी में बैठे हैं, मॅडम. किसके घर कू आए, बोलते नहीं."

"ऊपर नक्को छोडो!"

राउटरची वायर उपटली, दाराला कडी घातली. भाऊ नारायणगुड्याहून निघालाय.

तोवर एवढंच सांगा. चिक्कडपल्लीच्या घराचं वायफाय इथे लागलंय, म्हणजे मी इथेच राहते, हे त्याला फोनवर दिसलं असेल का?