फळीवरची बाई

अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये माझी नोकरी काय, तर क्लायंटला नेमकं काय हवंय ते त्याला विचारायचं आणि लिहून काढायचं. क्लायंटला काय हवंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, असं आमच्या धंद्यात हसत हसत म्हणतात. मीही म्हणते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं ते मी अडाणीपणाने केलं असं कोणाला वाटायला नको. चांगलं शिकूनसवरून केलं.

आमच्या मराठी मंडळाने आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका खेड्याशी भागीदारी केली होती. मध्ये दुवा म्हणून एक छोटी संस्था होती. संस्था म्हणजे खरं तर एकटी एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सत्तरीची अमेरिकन बाई, जिच्या गाडीच्या मागच्या सीटवर माणूस कधीच बसू शकत नसे, कारण तिथे रंगांचे डबे असत. तिचा नियम एकच होता. गावाला काय हवंय ते गावाने बसून ठरवायचं आणि ठरलं की त्याचं चित्र एका मोठ्या कापडावर काढायचं. कागदावरचा करार ज्याला वाचता येतो त्याच्याच ताब्यात राहतो, चित्र मात्र सगळ्यांना दिसतं, असं तिचं म्हणणं. कापड इकडे येणार, आपण ते बघून होकार कळवायचा आणि मग काम सुरू. कापड हाच करार. पहिल्याच भेटीत तिने हे मला दोनदा सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्या वर्षीचं कापड जूनमध्ये आलं. आमच्या बेसमेंटमध्ये मी ते टेबल-टेनिसच्या टेबलावर पसरलं. तांबड्या मातीच्या रंगाची फुगलेली नदी. अलीकडच्या काठावर चार बायका, त्यांच्या खांद्यांवर दाराची काढलेली फळी, फळीवर आडवी झोपलेली एक बाई, तिचं पोट वर आलेलं. पलीकडे दवाखाना. आणि नदीवर एक झुलता पूल, जो अजून बांधलेला नव्हता म्हणून नुसत्या ठिपक्यांनी काढलेला. मी कितीतरी वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर मी ज्या गोष्टी पानंच्या पानं लिहून समजावत आले, त्या या बायकांनी एका कापडावर सांगितल्या होत्या.

बायकांच्या गटाची प्रमुख माझ्याच वयाची. शाळेत शिकलेलं इंग्रजी ती सावकाश, एकेक शब्द निवडून बोलायची. व्हिडिओ कॉलवर मी तिला विचारलं, "ही फळीवरची कोण?"

"जी असेल ती," ती म्हणाली. मग थोडं हसून पुढे म्हणाली, "या वेळी माझी मुलगी. जानेवारीत."

डिसेंबरात तिकडे पाऊस सुरू होतो, नदी चढते आणि दवाखाना नुसता समोर दिसत राहतो. पूल त्याआधी व्हायला हवा होता. पोलादी दोर मिळालेले होते. पूल बांधणारी माणसं सप्टेंबरात मोकळी होती. दगड तर गावाने आधीच फोडून काठावर रचून ठेवले होते. आमच्याकडून फक्त होकार जायचा होता. तो लगेच कळवायचा सोडून, आधी कमिटीला दाखवू या, असं मला वाटलं. शिस्त ना!

जुलैतल्या बैठकीत कमिटीला सप्टेंबरातल्या गणपतीत हॉलमध्ये काय लावायचं याची चिंता. मी कापड उघडलं. खोलीत एकदम शांतता पसरली आणि मला वाटलं, चित्राने सगळ्यांना गप्प केलं. मग मंडळाच्या जुन्या अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काकूच म्हणतो, त्या खुर्ची सरकवून पुढे आल्या.

"अगं, गणपतीसमोर तिरडी लावणार तू?"

"काकू, तिरडी नाहीये ती. बाळंतीण होणारी बाई आहे. दवाखान्यात नेतायत तिला."

"ते तुला माहीत आहे गं. येणाऱ्याला काय दिसणार? चौघांच्या खांद्यावर आडवं माणूस. नवीन लग्न झालेली जोडपी येतात, लहान मुलं येतात. शुभ दिवस आहेत."

मला राग आला होता, खरंच आला होता. पण खरं सांगायचं तर काकूंनी तो शब्द उच्चारल्यावर मलाही तेच दिसायला लागलं. एकदा दिसलं ते पुसताच येईना. खोलीतल्या इतर सगळ्यांची तीच गत झाली असावी, कारण काकूंच्या विरुद्ध एकही जण बोलला नाही.

"दुसरं व्हर्जन मागवू ना," कोणीतरी म्हणालं. "जरा चिअरफुल. सिंपल आहे."

घरी येऊन मी ईमेल लिहायला बसले. माझी मुलगी सोफ्यावर आडवी पडली होती. तिला मी सगळी हकिगत सांगितली, तेव्हा फोनवरची नजर न काढता ती म्हणाली, "आई, दॅट्स देअर पिक्चर. यू कान्ट एडिट इट."

"तुला नाही कळणार," मी म्हणाले. शेंबड्या वयापासून जिला गणपतीला हात जोडायला शिकवलं ती मला शहाणपण शिकवतेय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

ईमेल गोड होता. मला तसे फार छान लिहिता येतात. चित्र अप्रतिम आहे, पण आमच्या सणासाठी थोडं आनंदी हवं होतं. फळी आणि चार बायका काढून टाकल्या तर बरं. झाडं, पक्षी, काहीही चालेल. कारण लिहिलं नाही. कारण लिहायची लाज वाटली.

ऑगस्टमध्ये नवीन कापड आलं. निळे-हिरवे पक्षी, गोल धरून नाचणाऱ्या बायका. फळी नव्हती. नदीही नव्हती. सोबत गटप्रमुखाचा मेसेज होता. आम्ही पुन्हा बसलो, दोन दिवस बोललो, तुम्ही म्हणालात ते काढून टाकलं, सगळ्यांनी मान्य केलं, तुम्हाला हे पसंत आहे का? मी एका स्टेटस मीटिंगमध्ये होते. मी अंगठा पाठवला, आणि वर एक फुलांचा गुच्छ.

गणपतीत त्या कापडासमोर फोटो काढायला रांग लागली होती. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सप्टेंबर संपत आला तेव्हा मी शिक्षिकेला फोन करून विचारलं, पुलाचं कुठवर आलं? ती म्हणाली, कोणता पूल? गावाने पूल मागे घेतला ना? नवं कापड तिने पाहिलं होतं. तिलाही ते विचित्र वाटलं होतं, म्हणून तिने गावाला विचारलंही होतं, नक्की ना? गावाने सांगितलं होतं, हो, नक्की, भागीदारांना पूल पसंत नाही, त्यांची काही अडचण असेल. आणि भागीदाराचा होकार तर माझ्याच अंगठ्याने गेला होता. पूल बांधणारी माणसं दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाकडे निघून गेली होती.

मी तिला तिरडीचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुला दोनदा सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

मग माझी धावपळ. उंटावरून शेळ्या हाकण्यात मी तरबेज. रोज कॉल, रोज ईमेल, मधूनच कमिटीला रागाने लिहिलेली लांबलचक पत्रं. जुनं कापड मी कुरिअरने परत पाठवलं. गावाने पुन्हा बसून तेच ठरवलंही, जराही न रागावता. पण माणसं डिसेंबरपर्यंत मोकळी होणार नव्हती आणि डिसेंबरात पाऊस आला. काठावर रचलेले दगड पहिल्याच पुरात वाहून गेले, हे मला फोटोवरून कळलं.

जानेवारीत बरेच दिवस काही कळलं नाही. मी विचारायला धजत नव्हते. शेवटी गटप्रमुखाचाच फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. मुलीला सकाळी नदीपर्यंत नेलं, ती म्हणाली. पाणी उतरायची वाट बघितली. दुपारपर्यंत थांबलो. मग थांबायची गरज राहिली नाही. मूलही गेलं.

ती रडत नव्हती. मी रडत होते, आणि माझं रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर हात धरला होता. मग ती म्हणाली, "एक विचारू? आमच्या पहिल्या चित्रात तुम्हाला काय नको होतं? आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हाला कळलं नाही."

काचेपलीकडे माझ्या टीममधला एकजण कॉफी घेऊन चालला होता. त्याने हात हलवला. मीही हलवला.

तिला खरं कसं सांगणार होते? ते सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे जुलैतही नव्हती.

"हॉल छोटा होता," मी म्हणाले. "एवढं मोठं कापड मावलं नसतं."

मला वाटलं, फोन तुटला.

"मला सांगायचं ना," ती म्हणाली. "आम्ही लहान काढलं असतं."