शमीमताईंचा किकओव्हर

"पाय मारा! अजून जोरात!" मी ओरडले.

शमीमताईंनी उजवा पाय वर झटकला. तो अर्ध्यात अडला आणि धपकन मॅटवर परत आला. त्या दिवशीचा हा आठवा प्रयत्न होता.

मी करंजाड्याच्या एका अकॅडमीत लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवते. शमीमताई एकेचाळीस वर्षांच्या. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद तपासतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बिगिनर बॅचचा फॉर्म मागितला. मी सवयीने विचारलं, "मुलगी किती वर्षांची?"

"मुलगी नाही. मीच. शाळेत बाकीच्या मुली करायच्या, मी त्यांची दप्तरं सांभाळायचे."

आमचे सर, म्हणजे अकॅडमीचे मालक, तयार नव्हते. "मनगट गेलं तर जबाबदार कोण? योगाला पाठव त्यांना." मी फार मागे लागले तेव्हा म्हणाले, "दोन महिने. किकओव्हर एकट्याने जमला तर मोठ्यांची बॅच काढू. नाहीतर विषय बंद."

किकओव्हर म्हणजे काय, ते सांगते. उभ्याने मागे वाकायचं आणि हात जमिनीला टेकवायचे. शरीराची कमान होते, तो बॅकबेंड. मग एक पाय वर मारायचा, दुसऱ्याने जमीन ढकलायची, दोन्ही पाय डोक्यावरून पलीकडे न्यायचे आणि उभं राहायचं. सात वर्षांच्या मुलीला ते पंधरा दिवसांत येतं. तिला पडायची भीती नसते आणि खांदे रबरासारखे असतात.

शमीमताईंचे खांदे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आखडलेले. पहिला महिना खांदे आणि मनगटं मोकळी करण्यातच गेला. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मग मॅट एकावर एक रचून त्यांचे पाय उंचावर ठेवले. कंबर आधीच वर असली की किक सोपी जाते. तिथून जमलं. जमिनीवरून मात्र मी कमरेखाली हात दिला तरच जमायचं. हात काढला की धप्प.

मुदतीचे चार दिवस उरले होते. मलाच टेन्शन आलं होतं. शमीमताई शांतपणे मोबाइल घेऊन आल्या.

"मॅडम, जरा बघा. हा तुमचा हात असतानाचा व्हिडिओ. हा नसतानाचा. किक दोन्हीकडे सेम आहे."

"मग?"

"माझे खांदे बघा ना. तुम्ही हात लावता तेव्हा मला नकळत पुढे सरकवता. खांदे बरोबर मनगटांवर येतात. एकटी असले की ते मागेच राहतात. वजन सगळं पायांवर. मग पाय उडणार कसा?"

मी व्हिडिओ तीनदा पाहिला. बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दिवसभर कागदांतला फरक शोधणाऱ्या नजरेने त्यांनी माझी चूक पकडली होती. आठवडाभर मी पायावर ओरडत होते आणि दुखणं खांद्यात होतं.

मग आम्ही किक बंदच केली. कमानीत उभं राहायचं आणि नुसतं मागेपुढे झुलायचं. खांदे मनगटांवर, परत मागे. तीन दिवस एवढंच.

चौथ्या दिवशी सर दारात येऊन उभे राहिले. शमीमताई मागे वाकल्या. हात टेकले. एकदा झुलल्या, दोनदा झुलल्या. माझे हात आपोआप पुढे गेले.

"नको, मॅडम!" त्या कमानीतूनच म्हणाल्या.

मी हात मागे घेतले. त्यांनी पाय मारला. कंबर वर गेली, क्षणभर तिथेच थांबल्यासारखी वाटली आणि पलीकडे गेली. एक पाय टेकला, मग दुसरा. तोल गेला, दोन पावलं लडखडल्या, पण उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद. बॅचमधल्या मुलींनी आरडाओरडा करून हॉल डोक्यावर घेतला.

"गुडघे वाकलेले होते," सर म्हणाले. मग मला म्हणाले, "शनिवार-रविवार सकाळी सात. मोठ्यांची बॅच. चालेल ना तुला?"

आता त्या बॅचला नऊ जणी आहेत. शिकवताना मी किकच्या आधी खांदे बघते, आणि माझा हात नेमकं काय काम करतोय तेही. बारा वर्षं शिकवतेय, पण हे मला बिगिनर बॅचमध्ये कळलं.